कोल्बी आणि क्रेन यांच्यामधली जागा

८ जून १८८०

बॅस्कम वकिलाने ही वही दिली. म्हणाला, "थ्रॉल, राज्याच्या सिनेटमध्ये बसणाऱ्या माणसाने रोजचं लिहून ठेवावं. उद्या कुणी काही विचारलं तर हाताशी असतं." अजून उमेदवारी मिळायची आहे, आणि हा मला खुर्चीत बसवून मोकळाही झाला. पण जिल्ह्यातली पक्षाची सगळी सूत्रं त्याच्या हातात आहेत, त्यामुळे त्याचं बोलणं हसण्यावारी नेता येत नाही.

मी दोनदा गावातर्फे राजधानीला, माँटपीलियरला, जाऊन आलो, खालच्या सभागृहात. दोन्ही वेळा मिळून एकच विधेयक मांडलं, मेंढ्या मारणाऱ्या कुत्र्यांबद्दलचं. तेही पडलं. लोक मला मतं देतात ती कुत्र्यांसाठी नाही, कोटाच्या या डाव्या रिकाम्या बाहीसाठी देतात. हे मला कळतं. कळत नाही असं कुणी समजू नये.

अल्माइराने विचारलं, "वहीत खरं लिहिणार, की बॅस्कमना दाखवण्याजोगं?" मी म्हटलं, दोन्ही एकच आहे. बायको पीठ मळायला गेली.

१२ जून

स्मारक समितीची बैठक. अध्यक्ष मीच. यादवी युद्धात मेलेल्या आमच्या कंपनीतल्या सव्वीस जणांची नावं संगमरवरावर कोरायची आणि पंधरा सप्टेंबरला पडदा काढायचा, असं ठरलं. यादी माझ्याच जुन्या हजेरीपटावरून केली. नावं आडनावांच्या क्रमाने, म्हणजे कुणाचा रुसवाफुगवा नको.

कोरण्याचं काम होसिया कॉर्लिस करतोय, फुकट. चाळीस वर्षं दगड फोडून त्याच्या छातीत भुगा भरलाय. दोन वाक्यं बोलला की खोकतो. त्याचा एकुलता एक मुलगा ॲल्डन आमच्याच कंपनीत होता, पण त्याचं नाव यादीत नाही. चौसष्ट सालच्या जूनमध्ये, व्हर्जिनियात, ऐन लढाईत, आम्ही ज्या कुंपणाआड दबा धरून होतो ते सोडून तो गेला तो परत आला नाही. वर माझं घड्याळही त्याच्याबरोबर गेलं. मी हजेरीपटावर 'पळून गेला' असं लिहिलं. नियमच तसा होता. तीन दिवस माणूस दिसला नाही तर कॅप्टनने दुसरं काय लिहायचं?

होसियाने नावं शेवटपर्यंत वाचली. यादी घडी घालून खिशात ठेवली. मला वाटतं त्याने ते केव्हाच पचवलंय.

२० जून

होसियाच्या छपरीत दगड बघून आलो. अक्षरं काय सुरेख काढतो म्हातारा. पण एका ठिकाणी गडबड झालीय. कोल्बी आणि क्रेन यांच्या मध्ये एका नावाएवढी जागा कोरी राहिलीय. बाकी सगळ्या ओळी एकमेकींपासून सारख्या अंतरावर, फक्त तिथेच मोकळी पट्टी.

मी म्हटलं, "होसिया, इथे माप चुकलं तुझं."

"चुकलं नाही. मोजून सोडलीय."

"कशासाठी?"

छिन्नीवर फुंकर मारत तो म्हणाला, "उन्हाळ्यात दगड फुगतो, लेम. त्याला जागा लागते."

मला हे नवीनच होतं. परतताना आमच्या कंपनीतला सार्जंट टटल भेटला, त्याला सांगितलं. तो म्हणाला, "कॅप्टन, म्हाताऱ्याची नजर गेलीय, दुसरं काय." तसंच असावं. सत्तरी उलटलीय त्याची. माझ्या पिठाच्या गिरणीत आल्यावर मात्र तीच पट्टी डोळ्यांसमोर येत राहिली आणि मी एका गिऱ्हाइकाच्या पोत्यात दुसऱ्याचा मका ओतला.

४ जुलै

गावच्या हिरवळीवर भाषण. नेहमीचंच, कुंपणाचं. लोकांना ते पाठ आहे, तरी हवं असतं. समोर शत्रू, मागे ओढा, मध्ये आम्ही सहासष्ट जण एका लाकडी कुंपणाआड. सकाळपासून दुपारपर्यंत मी त्यांना हलू दिलं नाही. माझा हात गेला तरी हललो नाही.

मग घड्याळाचा भाग. "सव्वीस जण तिथेच पडले," मी म्हटलं, "एकोणचाळीस टिकले, आणि एक जण, जो गावाने मला भेट दिलेलं घड्याळ घेऊन गेला, त्याला मी या डोळ्यांनी ओढा ओलांडून पलीकडच्या पाइनच्या रानात शिरताना पाहिलं. इतक्या घाईत होता की किती वाजले तेही सांगून गेला नाही." हशा. दर वर्षी इथे हशा होतो. टटल तर शेजारच्याला कोपराने ढोसत होता.

होसिया शेवटच्या बाकावर होता, टोपी मांडीवर घेऊन. तो दर वर्षी येतो. वाईट वाटत असतं तर कशाला आला असता?

भाषण संपताच अल्माइरा एकटीच घरी निघून गेली. ऊन बाधलं असणार.

१५ जुलै

उमेदवारी मिळाली. बॅस्कमने पाठ थोपटली. आनंद व्हायला हवा तेवढा झाला नाही. वय झालं की असंच होत असावं.

२ ऑगस्ट

हे नीट लिहायला हवं.

व्हर्जिनियाच्या एका शेतकऱ्याचं पत्र आलं. गावच्या पोस्टमास्तरच्या नावाने होतं, म्हणून त्याने ते दुकानातच, पिंपांवर बसलेल्या दहाबारा जणांसमोर मोठ्याने वाचलं. शेतकरी लिहितो की पडीक रान नव्याने नांगरताना फाळाला हाडं लागली. हाडांपाशी पितळेची नावाची पट्टी होती. कपड्यांवर नाव छापायला आम्ही सगळेच तसली बाळगायचो. तीवर 'ॲ. कॉर्लिस', कंपनी आणि व्हरमाँट. आणि एक घड्याळ, झाकणावर कोरलेलं 'लेम्युएल थ्रॉल यास गावकऱ्यांकडून'. हाडं त्याने तिथेच बांधाला नीट पुरली. पट्टी आणि घड्याळ पुडक्यात पाठवलं.

टटल उडालाच. "घ्या, चोर मुद्देमालासकट सापडला. कॅप्टन, सोळा वर्षं तुम्ही सांगताय, आता शंका घेणाऱ्याच्या तोंडाला कुलूप." सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, बिचाऱ्याला विकायलाही वेळ मिळाला नाही. मग होसिया दारात उभा आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते वाट सोडून बाजूला झाले.

होसियाने पट्टी घेतली. घड्याळाला हात लावला नाही. पोस्टमास्तरला फक्त एवढं विचारलं, "कुठे सापडला म्हणतो तो? तेवढं परत वाच."

पोस्टमास्तरने वाचलं: ओढ्याच्या अलीकडे, जुन्या कुंपणाच्या रांगेपासून शंभर पावलांवर.

मी घड्याळ उचलून गिरणीत निघून आलो.

३ ऑगस्ट

बॅस्कमला ही वही दाखवायची नाही.

घड्याळ त्याने चोरलं नव्हतं. मी दिलं होतं.

त्या सकाळी नऊ वाजेपर्यंत बारा माणसं पडली होती. माझी पाचावर धारण बसली होती. मी टोपीवर कागद ठेवून कर्नलला चिठ्ठी लिहिली की कंपनी टिकू शकत नाही, मागे यायची परवानगी द्या. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की माझं मलाच ओळखू येईना. कर्नलचा विश्वास बसावा म्हणून घड्याळ काढून ॲल्डनच्या हातात दिलं. तो एकोणीस वर्षांचा होता. म्हणाला, "कॅप्टन, उत्तर घेऊनच येतो, तोवर टिका." वाकून पळत गेला. ओढ्यात शिरला, पलीकडच्या काठावर चढला, रानात दिसेनासा झाला. हे मात्र मी खरंच पाहिलं.

आम्ही टिकलो ते काही मर्दुमकीने नाही. उत्तराची वाट बघत बसलो, आणि उत्तर आलं नाही. उठून पळावं तर गोळ्या. दुपारी दुसरी रेजिमेंट आली आणि लोक म्हणायला लागले, थ्रॉलने कुंपण धरून ठेवलं. कर्नल त्याच दिवशी मेला. तीन दिवसांनी, हात कापल्यावर, हजेरीपट माझ्यापुढे आला. 'निरोप घेऊन पाठवला' असं लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलंच असतं, कसला निरोप?

मला वाटायचं तो चिठ्ठी टाकून पळाला असेल, कुठेतरी पश्चिमेकडे नाव बदलून शेती करत असेल. खरं सांगतो, मला तसं वाटायचं. निदान वाटून घ्यायला बरं वाटायचं.

पण तो ओढ्याच्या अलीकडे सापडला. म्हणजे तो परत येत होता.

५ ऑगस्ट

होसिया गिरणीत आला. बसला नाही.

"लेम, तुझं भाषण मला पाठ आहे. ओढा ओलांडून तो रानात शिरला, असं तू म्हणतोस."

"हो."

"मग अलीकडे कसा सापडला?"

मी म्हटलं, पुराच्या पाण्याने हाडं वाहून येतात.

"चढावर?" तो म्हणाला. मग बराच वेळ खोकत राहिला. मी पाणी दिलं, ते त्याने तसंच धरून ठेवलं. "घड्याळ चोरणारा ते परत द्यायला येतो का रे? मी तुझ्याकडे दुसरं काही मागत नाही. तू त्याला पाठवलं होतंस का, एवढं सांग. दगडात जागा आहे. दीड दिवसाचं काम."

आता दगडातल्या त्या कोऱ्या पट्टीचा अर्थ लागला. कोल्बी, कॉर्लिस, क्रेन. जूनमध्येच लागायला हवा होता.

मी म्हटलं, "सात सप्टेंबरची निवडणूक होऊ दे, होसिया. मग निवांत बसून बोलू."

"म्हणजे बोलण्यासारखं आहे," तो म्हणाला. पेला जात्याच्या कडेवर ठेवून गेला.

मी नाही म्हणालो नाही, ही एक गोष्ट. आणि महिनाभराचाच प्रश्न आहे.

१९ ऑगस्ट

चार गावं, चार सभा. बॅस्कमने घड्याळ निळ्या मखमलीवर ठेवून फिरवायला घेतलंय. गंजून दगड झालंय, काटे नाहीत. टटल ते रांगेने लोकांना दाखवतो, "हात लावू नका, नुसतं बघा," म्हणतो. बायका डोळे पुसतात. मी घड्याळाचा विनोद भाषणातून काढणार होतो, पण बॅस्कम म्हणाला, "वेड लागलं का थ्रॉल? आता तर तो रंगणार." रंगलाही.

रात्रीचं जेवण मला जात नाही.

२८ ऑगस्ट

होसियाला हातोडा उचलवत नाही. दगड पूर्ण आहे, ती पट्टी सोडून. अल्माइरा रोज त्याच्याकडे कोंबडीचा पातळ रस्सा घेऊन जाते. आज परत आली ती सरळ माझ्यासमोर बसली.

"त्यांनी मला सगळं सांगितलं. ओढ्याचं."

"काय सांगितलं?"

"तुम्हाला माहीत आहे ते. एकवीस वर्षं तुमच्याशी संसार केलाय. तुम्ही खोटं बोलता तेव्हा डाव्या खांद्याला खाजवता. दर चार जुलैला खाजवता." तिचा आवाज चढला नव्हता. "लिहून द्या. सभेत नका सांगू, पण त्यांना लिहून द्या. आठवडा काढतील की नाही शंका आहे."

मी म्हटलं, दहा दिवसांवर मतदान आहे, कागद बाहेर गेला तर बॅस्कम, पक्ष, सगळेच तोंडघशी पडतील. ती म्हणाली, "आणि मी?" त्यात तिचा काय संबंध ते मला कळलं नाही.

तरी लिहिलं. पाच ओळी, सही, आजची तारीख. ॲल्डन कॉर्लिस माझ्या हुकमाने गेला, माझं घड्याळ खूण म्हणून घेऊन गेला, परत येताना मारला गेला. कागद या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात ठेवलाय. आठ तारखेला सकाळी स्वतः नेऊन देईन. लिहिल्यावर इतकं हलकं वाटलं की पावाचे दोन तुकडे जास्त खाल्ले.

७ सप्टेंबर

निवडून आलो. जिल्ह्यात सर्वांत जास्त मतं.

८ सप्टेंबर

सकाळपासून दारात माणसांची रीघ. सफरचंदाच्या सायडरचं पिंप संपलं. होसियाकडे उद्या.

९ सप्टेंबर

बॅस्कमकडे मेजवानी, नाही म्हणता येईना. उद्या नक्की.

११ सप्टेंबर

होसिया काल दुपारी गेला. मी घोडा जुंपत होतो तेव्हाच चर्चची घंटा लागली. त्याच्या वयाचे, एकाहत्तर टोले. मी मोजत राहिलो, आणि मोजून झाल्यावर घोडा सोडला.

शेवटी अल्माइरा जवळ होती. विचारलं, काही म्हणाला का. म्हणाली, "तुमच्याबद्दल विचारत होते. मी म्हटलं, येतील." एवढं सांगून ती सुईदोरा शोधायला उठली. त्याला घालायच्या कोटाचं बटण तुटलं होतं.

मी खूप रडलो. कुणाला कळायचं कारण नाही, मी गिरणीत होतो.

१३ सप्टेंबर

होसियाला पुरलं. मी ठरवलंय. परवा पडदा काढताना सगळ्यांसमोर सांगायचं. मागे काही ठेवायचं नाही. सिनेट गेली खड्ड्यात.

१५ सप्टेंबर

हातून जेवढं होईल तेवढं जसंच्या तसं लिहितो.

हिरवळीवर सातआठशे माणूस. पडदा मी ओढला. संगमरवर उन्हात इतका पांढरा दिसत होता की बघवत नव्हतं. कोल्बी, मग कोरी पट्टी, मग क्रेन. मी भाषणाचे कागद घडी घालून ठेवले आणि सांगितलं. भित्र्यासारखी चिठ्ठी लिहिली, परवानगी मागितली, घड्याळ मी दिलं, पोरगा परत येताना मेला. सोळा वर्षं मी त्याच्या बापासमोर त्याला चोर म्हणत आलो. पट्टीवर बोट ठेवून म्हटलं, इथे त्याचं नाव हवं.

मला वाटलं, आता दगड येतील. आले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी रडायला लागली. म्हणाली, "मेलेल्या होसियासाठी माणूस स्वतःवर केवढं घेतोय बघा." मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. उठून उभे राहिले. मी ओरडून सांगत होतो की हे खरं आहे, आणि जितकं ओरडत होतो तितक्या टाळ्या वाढत होत्या.

टटल व्यासपीठावर चढला. डोळे भरलेले. "मी कॅप्टनच्या शेजारी होतो," तो म्हणाला. "कसली चिठ्ठी आणि कसलं काय. मागे जायचं नाव काढलं असतं तर आम्हीच ऐकलं नसतं. होसियाच्या मरणाने कॅप्टन हळवे झालेत, एवढंच." मी त्याच्याकडे बघितलं. मी चिठ्ठी लिहिताना टोपी त्यानेच धरली होती. सोळा वर्षं दुकानात कुंपणाच्या गोष्टी सांगून तो जगलाय. त्याला ते खरंच आठवत नाही, की आठवायचं नाही, देव जाणे.

तेवढ्यात मला कागद आठवला. २८ ऑगस्टचा, माझ्या सहीचा, होसिया जिवंत असतानाचा. तो दाखवला की मरणाने हळवा झाला असं कुणाला म्हणता येणार नव्हतं. गर्दीतून धावत घरी आलो. पुठ्ठा चाचपला. कागद नव्हता.

अल्माइरा मागोमाग आली होती. दारातच थांबली.

"मी घेतला," ती म्हणाली. "होसियांच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि वर बटण लावलं. मला वाटलं, तुम्ही तो कुणालाच देणार नाही. निदान ज्याच्यासाठी लिहिला त्याच्याजवळ तरी असू दे." मग खुर्चीत बसली आणि तोंडावर एप्रन घेतला. "मला काय माहीत तुम्ही आज बोलणार म्हणून."

मी वही मिटून टेबलावर ठेवली. तिचा हिशेब सोळा वर्षं बरोबर ठरत आला होता.

१८ सप्टेंबर

बॅस्कमकडे गेलो. थडगं उघडायची परवानगी मागितली. त्याने दार लावून घेतलं, व्हिस्की ओतली. "थ्रॉल, प्रकृती सांभाळा," म्हणाला. "त्या भाषणाने काय झालंय कल्पना आहे का? पुढच्या खेपेला गव्हर्नर म्हणून तुमचं नाव घेतायत. आणि तुम्ही प्रेतं उकरायला निघालात." शेवटी खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "एक कागद सापडलाच, तर लोक म्हणतील, बघा, मरायच्या आधी म्हाताऱ्याचं समाधान व्हावं म्हणून लिहून दिला होता."

ते म्हणतीलच. मला आमची माणसं माहीत आहेत.

६ ऑक्टोबर, माँटपीलियर

अल्माइरा आली नाही. सामान भरून दिलं, सहा मोजे, एक डबा मेपलची साखर, आणि गाडीत बसेपर्यंत थांबलीसुद्धा नाही. मुलीकडे जाणार म्हणते. किती दिवसांसाठी ते मी विचारलं नाही.

सकाळी टपालाने समितीचं पत्र आलं. माझ्या गैरहजेरीत एकमताने ठराव झालाय. दगडातली मोकळी जागा डोळ्यांना खुपते, म्हणून बर्लिंग्टनहून कारागीर आणून तिथे लॉरेलची एक डहाळी कोरली, कॅप्टन थ्रॉल यांच्या थोर मनाची आठवण म्हणून. काम सोमवारी पूर्ण झालं. फार शोभून दिसतं, असं टटलने खाली स्वतःच्या हाताने लिहिलंय.

म्हणजे आता तिथे काही बसणार नाही.

अकरा वाजता सिनेट भरली. सचिवाने उभं राहून हजेरी घेतली. आमचा सार्जंट छावणीत घ्यायचा तशीच, आडनावांच्या क्रमाने. मी ऐकत होतो. कोल्बी नाव नव्हतं, क्रेन नव्हतं, तरी यादी तिथवर आली तेव्हा मी वाट बघत थांबलो, कुणीतरी उत्तर देईल म्हणून. सचिव पुढे गेला. माझं नाव बरंच खाली होतं.

"थ्रॉल."

मी हजर म्हणालो.